गल्ल्याखालची बंदूक

आपल्याकडच्या किराणा दुकानात गल्ल्याखाली हात घातला तर काय सापडते? सुटी नाणी, उधारीची वही, पावतीपुस्तक, कुलपाच्या किल्ल्या. अमेरिकेत, विशेषतः मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दुकान चालवणाऱ्या अनेकांच्या गल्ल्याखाली या सगळ्याबरोबर भरलेले पिस्तूलही असते. बहुतेक वेळा ते कायदेशीर असते, रीतसर दुकानातून विकत आणलेले असते. ते तिथे असावे की नसावे, या प्रश्नावरून त्या देशाचे राजकारण गेली पन्नास वर्षे उभे दुभंगलेले आहे.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. अमेरिकेत बंदूक ही विक्रीची वस्तू आहे. तिला कारखानदार आहे, घाऊक व्यापारी आहे, किरकोळ दुकानदार आहे, तेजी आहे आणि मंदीही आहे. तिच्या गिऱ्हाईकांत छोटे दुकानदारही मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा या वादाकडे पुढाऱ्यांच्या व्यासपीठावरून न पाहता गल्ल्यामागून पाहिले तर काय दिसते, ते आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

बाजार केवढा आहे

स्वित्झर्लंडमधील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली अमेरिकेतील सामान्य नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. त्या वेळी देशाची लोकसंख्या साडेबत्तीस कोटींच्या आसपास होती. माणसांपेक्षा बंदुका जास्त, असा हा हिशेब आहे. त्या सगळ्यांकडे सारख्या वाटलेल्या मात्र नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्यांत हे प्रमाण ४५ टक्के आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्यांत २० टक्के निघाले. खेड्यांत राहणाऱ्यांत ४७ टक्के आणि शहरांत २० टक्के. बंदूक का बाळगता, असे विचारल्यावर मालकांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे मोठे कारण असल्याचे सांगितले.

विक्रीचे नियमही पाहू. १९६८ च्या कायद्याप्रमाणे बंदुकीचा व्यापार करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने गिऱ्हाईकाची पूर्वतपासणी सक्तीची झाली. गिऱ्हाईक अर्ज भरतो, दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून केंद्रीय यंत्रणेला विचारतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येते. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलेच नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार माल द्यायला मोकळा असतो. २०१५ च्या जूनमध्ये चार्ल्स्टन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार करणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते याच फटीतून. त्याला ते विकले जायला नको होते, हे केंद्रीय तपास संस्थेने नंतर कबूल केले. दुसरी फट अशी की परवाना नसलेल्या सामान्य माणसाने स्वतःची बंदूक दुसऱ्याला विकली, तर केंद्रीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही. काही राज्यांनी ती आपल्यापुरती केली आहे.

या बाजाराची दुसरी बाजूही आकड्यांत आहे. सरकारी नोंदींप्रमाणे २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. त्यांतली २६,३२८ माणसे, म्हणजे निम्म्याहून अधिक, स्वतःच्या हाताने मेली. चोराला लांब ठेवण्यासाठी आणलेली वस्तू घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती लागते, हे या आकड्यामागचे दुःख आहे. प्रचारसभांत ते क्वचितच ऐकू येते.

दोन बाजू

अमेरिकेतील डावे आणि उजवे आपल्याकडच्यासारखे नाहीत. तिथे ढोबळमानाने डेमोक्रॅटिक पक्षाला डावा आणि रिपब्लिकन पक्षाला उजवा म्हणतात. उजव्यांचे म्हणणे असे की १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. सरकारने त्यात हात घालू नये. गुन्हेगार कायदा पाळत नाही, म्हणून कायद्याचा काच फक्त सज्जनालाच बसतो. पोलीस येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. डाव्यांचे म्हणणे असे की इतर श्रीमंत देशांतही भांडणे होतात, माथेफिरू असतात, चोर असतात, पण एवढी माणसे बंदुकीने मरत नाहीत. फरक मालाच्या सुळसुळाटाचा आहे. म्हणून तपासणी कडक करा, लष्करी धाटणीच्या रायफली बाजारातून काढा, धोकादायक माणसाच्या हातून शस्त्र काढून घेण्याची सोय करा.

न्यायालयांनी अलीकडे उजव्यांच्या बाजूने कौल दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. २०१० मध्ये तो हक्क राज्यांवरही बंधनकारक केला. २०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचा जुना परवाना कायदा रद्द करून घराबाहेर पिस्तूल बाळगण्यापर्यंत तो वाढवला. त्याच आठवड्यात, टेक्सासमधील युवाल्डी येथे शाळेतील १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यानंतर, दोन्ही पक्षांच्या काही सदस्यांनी मिळून तपासणी थोडी कडक करणारा कायदा केला. सुमारे तीन दशकांत केंद्राने केलेला हा पहिला मोठा बंदूक-कायदा होता. थोडक्यात, दोर दोन्हीकडून ओढला जात आहे.

लॉस एंजेलिसचे दुकानदार

आता ज्यांच्यासाठी हे पान आहे, त्या छोट्या व्यापाऱ्याकडे येऊ. १९९० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत किराणा आणि दारूची बरीचशी दुकाने कोरियाहून आलेल्या स्थलांतरितांची होती. मोठ्या कंपन्यांनी त्या वस्त्यांतून काढता पाय घेतला होता. भाडे कमी होते, म्हणून हे लोक तिथे गेले. नवराबायको दोघे मिळून दिवसाचे चौदा-चौदा तास गल्ल्यावर बसत. भाषा अर्धवट येत असे, दरोड्यांची भीती रोजची होती. गिऱ्हाईक म्हणत, हे आमच्याकडून पैसा घेतात, पण आमच्या पोरांना नोकरी देत नाहीत, आमच्याशी नीट बोलत नाहीत. अल्पसंख्य व्यापारी आणि गरीब गिऱ्हाईक यांच्यातली ही कटुता आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही.

१६ मार्च १९९१ च्या सकाळी अशाच एका दुकानात पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला आली. किंमत होती १ डॉलर ७९ सेंट. तिने बाटली पिशवीत घातली. दुकानदारबाईला वाटले की मुलगी चोरी करते आहे. झटापट झाली, मुलीने बाईला मारले, मग बाटली ठेवून ती जायला वळली. बाईने गल्ल्याखालचे पिस्तूल काढले आणि पाठमोऱ्या मुलीवर गोळी झाडली. मुलगी जागीच गेली. तिच्या हातात दोन डॉलर होते. न्यायालयाने बाईला दोषी ठरवले, पण तुरुंगात धाडले नाही. देखरेखीखाली सुटका, समाजसेवेचे चारशे तास आणि पाचशे डॉलर दंड, एवढ्यावर प्रकरण मिटले.

मिटले ते कागदावर. वस्ती ते विसरली नाही. वर्षभराने, २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस खटल्यातून सुटले आणि शहर पेटले. साठाहून अधिक माणसे मेली, सुमारे एक अब्ज डॉलरचे नुकसान झाले. त्यांतले जवळजवळ चाळीस टक्के नुकसान कोरियन व्यापाऱ्यांच्या वाट्याला आले. त्यांची दोन हजारांवर दुकाने लुटली किंवा जाळली गेली. पहिल्या तासांत दंगलीच्या केंद्रातून पोलीस मागे हटले. दुकानदार फोन करत राहिले, कोणी आले नाही. 'रेडिओ कोरिया' या आकाशवाणी केंद्रावरून अमुक दुकानावर जमाव आला आहे, मदतीला या, असे पुकारे होत राहिले. अखेर कोरियन वस्तीतले पुरुष रायफली आणि पिस्तुले घेऊन दुकानांच्या गच्च्यांवर उभे राहिले.

ते छायाचित्र आजही उजव्यांच्या प्रचारात फिरते. पाहा, सरकार आले नाही तेव्हा बंदुकीनेच दुकान वाचवले, असे ते सांगतात. यात खोटे नाही. काही दुकाने खरोखर अशी वाचली, आणि पोलीस आले नाहीत हेही खरे आहे. डाव्यांनी या प्रश्नावर मान खाली घालून पुढे जाऊ नये. ज्या माणसाची आयुष्याची कमाई समोर जळते आहे, त्याला आकडेवारी ऐकवून उपयोग नसतो.

परंतु खातेवही पूर्ण वाचली पाहिजे. त्याच रात्रींत अठरा वर्षांचा एक कोरियन तरुण दुकाने वाचवायला घराबाहेर पडला आणि गोळी लागून मेला. ती गोळी लुटारूंची नव्हती. त्याला लुटारू समजून आपल्याच माणसांनी झाडली असावी, असे पुढे समोर आले. आणि ज्या पिस्तुलाने १९९१ मध्ये दुकान 'सुरक्षित' ठेवायचे होते, त्यानेच वस्ती आणि व्यापारी यांच्यात वैर पेरले. त्या एका गोळीची किंमत पुढच्या वर्षी ज्यांनी ती झाडली नव्हती, अशा शेकडो दुकानदारांनी मोजली.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आग विझल्यावर अनेक दुकानदारांना कळले की आपला विमा फसवा आहे. नामांकित कंपन्या त्या वस्त्यांत विमा देत नव्हत्या किंवा हप्ता परवडत नव्हता, म्हणून त्यांनी स्वस्तातला विमा घेतला होता. विमा देणाऱ्या यांतल्या कित्येक कंपन्यांकडे त्या राज्याचा परवानाच नव्हता. त्यांनी हात वर केले. पिस्तूल होते, रायफल होती, पण कागद कच्चा होता. कित्येक दुकाने पुन्हा उघडलीच नाहीत.

हक्क कोणाच्या हाती?

अमेरिकेतील हा वाद तत्त्वाचा आहे, असे दोन्ही बाजू सांगतात. इतिहास पाहिला तर तत्त्वापेक्षा बंदूक कोणाच्या हाती आहे, यावर भूमिका जास्त ठरलेल्या दिसतात.

गुलामगिरी संपल्याबरोबर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा करून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. १९५६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. अहिंसेच्या मार्गाने जगप्रसिद्ध झालेल्या माणसालाही एकदा हा प्रश्न पडला होता, आणि त्या वेळी दक्षिणेतील गोऱ्या अधिकाऱ्यांना शस्त्राच्या हक्काची आठवण झाली नाही.

१९६७ चे उदाहरण तर बोलके आहे. कॅलिफोर्नियात 'ब्लॅक पँथर' या संघटनेचे तरुण भरलेल्या बंदुका उघड हातात घेऊन पोलिसांवर लक्ष ठेवत फिरू लागले. ते तेव्हा कायदेशीर होते. मे महिन्यात ते शस्त्रांसह राज्याच्या विधिमंडळात शिरले. लगेच रस्त्यावर भरलेली बंदूक उघड बाळगण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो आणणारा आमदार रिपब्लिकन होता, सही करणारे राज्यपाल रोनाल्ड रेगन होते आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. १८७१ मध्ये नेमबाजी शिकवण्यासाठी निघालेल्या या संघटनेचा ताबा १९७७ च्या सिनसिनाटी येथील बैठकीत कडव्या गटाने घेतला, आणि १९८० मध्ये तिने अध्यक्षपदासाठी त्याच रेगन यांना पाठिंबा दिला. पुढे स्वतः गोळी खाल्लेल्या रेगन यांनी १९९१ मध्ये ब्रॅडी विधेयकाची बाजू घेतली. माणूस तोच, भूमिका तीन.

अलीकडचेही पाहा. २०१५ च्या जुलैमध्ये फ्लोरिडातील एका बंदूकविक्रेत्याने आपल्या दुकानात मुसलमानांना प्रवेश नाही, असे जाहीर केले. शस्त्राचा हक्क ईश्वरदत्त आहे, असे मानणाऱ्या बाजारातच गिऱ्हाईकाचा धर्म पाहून दार बंद झाले. मुस्लिम नागरी हक्क संघटनेने दावा लावला, तो न्यायालयाने फेटाळला. २०१६ च्या जुलैमध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. आपल्याकडे बंदूक आहे, असे त्याने आपणहून, शांतपणे सांगितले. त्याच्याकडे परवाना होता. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि खटल्यातून तो पोलीस सुटला. हक्काच्या नावाने एरवी रान उठवणारी रायफल संघटना त्या दिवसांत हातचे राखून बोलली.

दोष एकाच बाजूला नाही. शिकागो शहरात पिस्तुलावर जवळपास पूर्ण बंदी होती. त्याविरुद्ध २०१० चा खटला जिंकणारे ओटिस मॅकडोनाल्ड हे निवृत्त, वृद्ध, कृष्णवर्णीय कामगार होते. घरावर वारंवार चोऱ्या होत होत्या आणि शहर त्यांचे रक्षण करू शकत नव्हते. २०२२ च्या न्यूयॉर्क खटल्यात गरिबांचे खटले लढवणाऱ्या कृष्णवर्णीय वकिलांनी न्यायालयाला लेखी सांगितले की डाव्यांच्या या कायद्याखाली पकडली जातात ती आमचीच पोरे. श्रीमंताला परवाना मिळतो, गरिबाला तुरुंग मिळतो. कडक कायदा चांगला की वाईट, हे तो कोणावर चालवला जातो त्यावरही अवलंबून असते, हे डाव्यांना ऐकावे लागले.

भीतीची तेजी

आता विकणाऱ्याकडे वळू. अमेरिकेत बंदुकीच्या धंद्याला एक विचित्र नियम लागू आहे. बंदुकीला अनुकूल सरकार आले की धंदा बसतो आणि प्रतिकूल सरकार येण्याची चाहूल लागली की धंदा उसळतो. विक्रीचा अंदाज पूर्वतपासणीच्या संख्येवरून बांधतात. २०१६ या निवडणुकीच्या वर्षी अशा सुमारे २ कोटी ७५ लाख तपासण्या झाल्या. बंदुकीचे मित्र म्हणवणारे ट्रम्प निवडून आले आणि २०१७ मध्ये त्या २ कोटी ५२ लाखांवर उतरल्या. २०२० मध्ये महामारी, रस्त्यावरचा असंतोष आणि निवडणूक एकत्र आली, तेव्हा आकडा ३ कोटी ९७ लाखांवर गेला. एका अभ्यासानुसार २०१९ ची सुरुवात ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या आणि पाचातला एक कृष्णवर्णीय होता. भीती आता पक्षाची राहिली नाही, सर्वांची झाली.

ज्या मालाची तेजी लोकांच्या भीतीवर चालते, त्या मालाच्या व्यापाऱ्याला भीती संपावी असे वाटेल काय? हा आमचा या बाजाराबद्दलचा मुख्य आक्षेप आहे.

सुधारण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाही हा बाजार शिक्षा करतो. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. पिस्तुलाला कुलपाची सोय करू, गैरमार्गाने विकणाऱ्या दुकानदारांना माल देणार नाही, असे कबूल केले. गिऱ्हाईकांनी बहिष्कार घातला, विक्री कोसळली. ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक देऊन घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये कर्जासकट अवघ्या दीड कोटी डॉलरला विकून टाकली. इतर कारखानदारांनी धडा घेतला आणि गप्प बसले. २००५ मध्ये त्यांना केंद्राने कायद्याचे कवच दिले. मालाचा गुन्ह्यासाठी वापर झाला तर कारखानदारावर आणि विक्रेत्यावर सहसा दावा चालणार नाही, असे ठरले. असे कवच मोटारवाल्याला नाही.

तरीही २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत मारल्या गेलेल्या २० मुलांच्या आणि ६ मोठ्यांच्या कुटुंबांपैकी नऊ कुटुंबांनी वाट काढली. बंदूक विकली याबद्दल त्यांनी फिर्याद केली नाही. तिची जाहिरात ज्या प्रकारे केली, त्याबद्दल केली. तरुणांच्या पुरुषीपणाला चेतवून लष्करी धाटणीची रायफल खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८१६ पासून बंदुका बनवणारी रेमिंग्टन कंपनी तोवर २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली होती. २०२२ च्या फेब्रुवारीत तिच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आणि ज्यांनी आपणहून नफा सोडला तेही व्यापारीच होते. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर डिक्स या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानसाखळीने लष्करी धाटणीच्या रायफली विकणे बंद केले. उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल परत न पाठवता मोडून भंगारात काढला. या निर्णयाने सुमारे २५ कोटी डॉलरची विक्री गेली, असे मालकांनी नंतर सांगितले. दुकान मात्र बंद पडले नाही.

आमचे मत

विकणाऱ्याने गिऱ्हाईकाची तपासणी करावी, खासगी सौद्यालाही ती लागू असावी, या बाबतीत डाव्यांचे म्हणणे आम्हाला पटते. तराजूत दोष असेल तर आपण व्यापाऱ्याला जबाबदार धरतो. मग जीव घेणारा माल कोणाच्या हातात दिला, याची जबाबदारी त्याच्यावर नको, हे कोणत्या बाजाराच्या रीतीत बसते? दुसरीकडे, आम्ही फोन केला तर कोण येणार, हा उजव्यांचा प्रश्न खरा आहे. लॉस एंजेलिसच्या दुकानदाराने आणि शिकागोच्या म्हाताऱ्याने तो आपल्या अनुभवातून विचारला आहे. त्याचे उत्तर बंदूकबंदीने दिले जात नाही. सर्वांना सारखे संरक्षण देणाऱ्या पोलिसाने ते दिले जाते. हे संरक्षण जोवर वस्ती आणि कातडी पाहून मिळते, तोवर बंदुकीच्या दुकानापुढची रांग कमी होणार नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक हा हक्क नाही, तो परवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनहून अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. भीतीपोटी बेकायदा शस्त्र घरात ठेवले, ही सबब न्यायालयात चालत नाही. १९९३ च्या मुंबईत तसे केलेल्या एका नामांकित अभिनेत्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. नामांकिताची ही गत, तर सामान्य दुकानदाराची काय होईल, हे सांगायला नको.

पण 'कोण येणार' हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही, आणि त्याचे एक उत्तर आपल्याच राज्यात मिळाले होते. लॉस एंजेलिस जळाले त्याच १९९२ सालची ही गोष्ट आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले होते. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान, दुकानदार आणि कामगार पोलिसांसह नियमित एकत्र बसत आणि कुरबुरी लहान असतानाच मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. यंत्रमाग वाचले, दुकाने वाचली. त्यासाठी कोणाला गच्चीवर उभे राहावे लागले नाही.

कोरियन दुकानदारांचीही काही दुकाने त्या रात्री शेजारच्या कृष्णवर्णीय गिऱ्हाईकांनी पुढे उभे राहून वाचवली. ती दुकाने कोणाची होती, याची आपल्या व्यापाऱ्यांनी चौकशी करावी. जे गिऱ्हाईकाला नावाने ओळखत, अडचणीत उधार देत, मोहल्ल्यातल्या पोराला कामावर ठेवत, त्यांची ती होती. आमची विनंती एवढीच की या महिन्यात प्रत्येक दुकानदाराने दोन कामे करावीत. आपला विम्याचा कागद काढून त्यात आगीबरोबर दंगल आणि तोडफोड यांचे संरक्षण आहे का, आणि कंपनी परवानाधारक आहे का, हे वाचून घ्यावे. आणि आपल्या भागातील मोहल्ला समिती बंद पडली असेल तर शेजारच्या बिगर-मुस्लिम दुकानदाराला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जावे व ती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज द्यावा. दोन्ही कामांना फार तर दोन सकाळी लागतील.